नाताळात ख्रिस्ती नसलेल्यांना सुवार्ता कशी सांगावी? सोलापुरातल्या एका पाळकाचं उत्तर

सलाम.

आधी तुमच्या तरुण संघाचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही तो कळेल. गेल्या नाताळात तुम्ही आठ-दहा जणांनी गल्लीत पत्रकं वाटली. त्यातली बरीच दुसऱ्या दिवशी गटाराच्या कडेला पडलेली दिसली. एका काकांनी तर "आमच्या दारात धर्म विकायला येऊ नका" म्हणून हाकलून दिलं. यंदाही तुम्हांला सुवार्ता, म्हणजे येशूबद्दलची आनंदाची बातमी, सांगायची आहे, कारण ती सांगितल्याशिवाय नाताळ अपुरा वाटतो. पण कुणाला सांगायची, कोणत्या शब्दांत, किती, आणि कायद्यात काय बसतं, हे तुम्ही विचारलंय.

सोलापुरात मी तीस वर्षांहून जास्त काळ हे काम करतोय. माझं म्हणणं असं आहे की सुवार्ता ओळखीच्या माणसाला, त्याला विचारून, गोष्टीसारखी सांगायची. ती अर्धी सांगायची नाही. आणि जानेवारीतही त्याच्या घरी चहाला जायचं. पुढे जे लिहितोय ते सगळं याच्याच पोटातलं आहे.

काकांच्या रागापासून सुरुवात करतो. तुमचं पत्रक मी पाहिलं. पहिल्याच ओळीत "हे पापी मनुष्या" असं आहे. संध्याकाळी दमून आलेल्या माणसाला, त्याच्याच दारात, नाव-गाव माहीत नसलेल्या पोराने ही ओळ हातात दिली तर तो आणखी काय म्हणेल? त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

मी हे दुसऱ्याची चूक दाखवायला म्हणत नाही. माझ्या सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत पूर्व भागातल्या एका चौकात आम्ही नाताळची सभा ठेवली होती. चौकाला लागूनच एक यंत्रमाग कारखाना होता. तुम्हांला माहीतच आहे, माग चालू असले की शेजारच्याचं बोलणंसुद्धा ऐकू येत नाही. मालक पद्मशाली, घरात मार्कंडेय महामुनींची मोठी तसबीर. मी विनंती केली तर त्यांनी आमच्या सभेसाठी तासभर माग बंद ठेवले, आणि माईकला वीजही त्यांच्याच मीटरवरून दिली. कामगारांना घेऊन ते स्वतः दारात उभे राहून ऐकत होते. गाणी झाली, मी उभा राहिलो, आणि दहाव्या मिनिटाला मूर्तिपूजेवर घसरलो. काय काय बोललो ते इथे लिहवत नाही. ते गृहस्थ काहीच बोलले नाहीत. आत गेले. एक माग सुरू झाला, मग दुसरा, मग सगळे. माझा आवाज त्या खटखटाटात बुडाला आणि सभा तिथेच संपली.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेलो. ते एवढंच म्हणाले, "तुमचं ऐकायचं होतं म्हणून माग बंद ठेवले होते ओ." ते वाक्य आजही माझ्या काळजात आहे. त्यांना येशूबद्दल ऐकायचं होतं आणि मी त्यांना त्यांच्याच देवघराबद्दल ऐकवलं. त्या रात्री बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक काढून सतरावा अध्याय पुन्हा वाचला. अथेन्समध्ये मूर्ती पाहून येशूचा प्रेषित पौल याच्या मनाचा संताप झाला होता, हे तिथे लिहिलेलं आहे. पण अरियपगात, म्हणजे तिथल्या सभेत, उभा राहिल्यावर त्याने सुरुवात कशी केली? तुम्ही लोक धर्माच्या बाबतीत किती मनापासून वागता, हे मी फिरून पाहिलं, असं म्हणून. त्यांच्याच कवीच्या ओळीही त्याने घेतल्या. मनातला संताप त्याने व्यासपीठावर आणला नाही. त्या दिवसापासून कुणाच्या देवाबद्दल, ग्रंथाबद्दल, संतांबद्दल एक उणा शब्द मी बोललेलो नाही, आणि त्याने माझी सुवार्ता कुठे कमी पडली असं मला कधी दिसलं नाही.

आता कुणाला सांगायची? अनोळखी दारं सोडा. तुम्ही दहा जण आहात. प्रत्येकाने अशी दोन घरं ठरवा, जिथे तुमचं वर्षभर जाणं-येणं आहे. ज्यांच्या दिवाळीचा फराळ तुमच्या डब्यात आला, त्यांना नाताळचा फराळ जायलाच हवा. आपल्या घरी तरी वेगळं काय असतं? करंज्या, चिवडा, लाडू, शंकरपाळी. आपल्या आज्यांनी हे सोडलं नाही हे फार बरं केलं, कारण ताट पाहूनच शेजाऱ्याला कळतं की हा सण परका नाही. केक देणार असाल तर लिंगायत किंवा इतर शाकाहारी घरांत बिनअंड्याचाच द्या, आणि तो बिनअंड्याचा आहे हे देतानाच सांगा. डबा मटणाच्या भांड्यांतला नसावा. आणखी एक, नाताळच्या आधीचे काही आठवडे बहुतेक वेळा मार्गशीर्षात येतात. गुरुवारी कितीतरी घरांत महालक्ष्मीचा उपवास आणि पूजा असते. त्या संध्याकाळी कुणाच्या दारात उभं राहून "जरा पाच मिनिटं बसू का" म्हणू नका. शेजारणीच्या गुरुवारची तुम्हांला आठवण आहे हे तिच्या ध्यानात आलं, तर तीच एक दिवस तुमच्या रविवारबद्दल विचारेल.

डबा द्यायला जाल तेव्हा भाषण करू नका. आमंत्रण द्या. "24 ला संध्याकाळी आमच्या अंगणात गाणी आहेत, येशूच्या जन्माची गोष्ट सांगणार आहोत, अर्ध्या तासात आटपतो, मग चहा. यायचं की ओ काकी." गोष्ट सांगणार आहोत हे आधीच म्हणायचं. गाण्याला बोलावून मध्येच प्रवचन सुरू करणं ही फसवणूक आहे, आणि फसवून आणलेल्या माणसाचे कान बंद असतात. येशूची गोष्ट आहे हे माहीत असून जो येतो, त्याच्यासाठी तयारी करा. चार जण आले तरी पुष्कळ.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सांगायचं कसं. गोष्ट सांगा. बायबलमधल्या लूकचा दुसरा अध्याय आणि मत्तयाचे पहिले दोन. दहा-बारा मिनिटं पुरतात. आपल्या मंडळींत असा समज आहे की गोष्ट पोरांसाठी आणि उपदेश मोठ्यांसाठी. मला हे पटत नाही. आपल्याच अहमदनगरच्या मिशनातल्या लोकांनी दीडशे वर्षांपूर्वी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, नारायण वामन टिळकांनी ते पुढे नेलं, ते याच कारणाने. मराठी माणूस शतकानुशतकं देवाबद्दल ऐकत आला तो टाळ, अभंग आणि आख्यानातून. तुमच्यात कुणाला पेटी-तबला येत असेल तर इंग्रजी कॅरलची ध्वनिफीत लावण्यापेक्षा दोन मराठी गीतं नीट बसवा.

आणि सोलापूर जिल्ह्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही, हे माझं वर्षानुवर्षांचं आश्चर्य आहे. गव्हाण म्हणजे काय हे लंडनच्या मुलाला चित्र काढून दाखवावं लागत असेल, इथे नाही. लग्न ठरलंय पण झालेलं नाही अशी मुलगी, तिला दिवस गेलेत, आणि ठरलेला मुलगा तिची अब्रू जाऊ नये म्हणून गुपचूप बाजूला व्हायचा विचार करतोय. इतकं सांगितलं की बायका काम थांबवतात. नावनिशी लिहायला सरकारने ज्याला त्याला आपापल्या मूळ गावी धाडलं, हे कागदपत्रांसाठी रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला कळतं. नासरेथ ते बेथलेहेम म्हणजे शंभर किलोमीटरहून अधिक वाट. कोजागरीला आपल्याकडून तुळजापूरला चालत जाणारे पंचेचाळीस किलोमीटरला पाय धरून बसतात, त्याच्या दुपटीहून जास्त, आणि बाई दिवस भरलेली. मग उतारशाळेत जागा नाही. पुढे हेरोद राजाच्या भीतीने बाळाला घेऊन रातोरात मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, पळणं. पोट बांधून परमुलखात जाणं काय असतं, हे नाताळच्याच दिवसांत उसाच्या फडात कोपी टाकून राहिलेल्या माणसाला आपण शिकवायचं का?

नान्नजच्या बाजूला माळरानावर एकदा आम्ही काही धनगर कुटुंबांबरोबर बसलो होतो. त्यांनी एका शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवली होती. शेकोटी पेटलेली, अंगावर घोंगडी, वाघरीत मेंढरं. त्यांनीच विचारलं, तुमचा सण कसला? मी सांगायला लागलो. बेथलेहेमच्या रानात मेंढपाळ रात्री कळप राखत होते, देवदूत दिसला, आणि ते लगबगीने बाळ पाहायला गावात गेले. एक म्हातारे आजोबा तोवर नुसते विस्तव सारत होते. त्यांनी मान वर केली. "मेंढरं सोडून?" म्हणाले. मी म्हटलं, हो, सोडूनच गेले असं दिसतं. त्यांनी लांब अंधारात पाहिलं. त्या माळावर लांडगा आहे, तुम्हांला ठाऊक असेल. म्हणाले, "मग त्यांनी खरंच कायतरी बघितलं आसंल. धनगर रातीचं मेंढरू सोडत नाय."

मी लूकवर किती टीकाग्रंथ वाचले, पण मेंढपाळांच्या साक्षीचं वजन मला त्या शेकोटीजवळ कळलं. ते आजोबा ख्रिस्ती झाले का, असं तुम्ही विचाराल. नाही झाले. पण त्या रात्री त्यांनी सुवार्ता नीट ऐकली, आणि त्या गोष्टीचा एक अर्थ मला देऊन गेले.

दुसरा प्रसंग एका विडी वळणाऱ्या मावशींचा. मांडीवर सूप, ओली केलेली तेंदूची पानं, कात्री, दोऱ्याचं रीळ. मी बोलत होतो आणि त्यांचा हात चालू होता. पान कापायचं, तंबाखू पसरायची, वळायचं, नखाने तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. डोळे वर नाहीत. हजाराचा हिशोब असतो, थांबून चालत नाही. मरीयेने बाळाला बाळंत्याने गुंडाळलं आणि गव्हाणीत ठेवलं, इथवर आलो आणि हात थांबला. घरची भाषा तेलुगू, पण मला मराठीत विचारलं, "ते पोरीजवळ बाई कोण होती?"

मला उत्तर येईना. लूक तिथे दुसऱ्या बाईचं नाव घेत नाही. "गुंडाळले" म्हणतो, तेही तिनेच. मावशींनी स्वतःच उत्तर दिलं, "म्हणजे एकटीच." आणि गप्प झाल्या. मग हळूच त्यांच्या पहिल्या बाळंतपणाचं सांगितलं. मी त्या दिवशी पुढचं काहीच बोललो नाही. "आम्हांबरोबर देव" असा इम्मानुएल नावाचा अर्थ आहे, एवढंच म्हणून उठलो. सुवार्ता सांगायची म्हणजे सगळा वेळ आपणच बोलायचं असं नसतं. त्या बाईच्या प्रश्नासमोर माझे सगळे तयार मुद्दे फिके होते. त्यानंतर कितीतरी डिसेंबर मावशी निरोप पाठवत राहिल्या, यंदा गोष्ट कधी आहे म्हणून.

आता शब्दांचं. आपण चर्चमध्ये वाढलेले लोक एक वेगळीच मराठी बोलतो आणि ते आपल्याला जाणवत नाही. "नवा जन्म" म्हटलं की समोरच्याच्या मनात पुनर्जन्म येतो, म्हणजे मेल्यानंतरचा. आपल्याला तर याच देहात, आज, मन पालटण्याबद्दल बोलायचं असतं. तसंच म्हणा. "तारण" हा शब्द सोलापुरात दागिने गहाण ठेवण्यासाठी वापरतात. बँकेच्या पाटीवर सोनेतारण वाचणाऱ्या माणसाला "येशू तुझं तारण" हे काय कळणार? सुटका म्हणा, वाचवणं म्हणा. "मोक्ष" म्हणाल तर तो जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका समजेल. "अवतार" सोपा वाटतो, पण ऐकणारा त्याला दहांच्या मालिकेत नेऊन बसवतो. त्यापेक्षा योहानाने म्हटलंय तसं, देव माणूस होऊन आपल्यात राहिला, असं सरळ सांगा. "पाप" म्हटलं की लोकांना खून-दरोडा आठवतो, आणि "मी कुणाचं वाईट केलं नाही" असं ते प्रामाणिकपणे म्हणतात. तिथे वाद घालू नका, स्वतःचं सांगा. मी भावाशी चार वर्षं बोलत नव्हतो, ते माझं पाप, असं मी सांगतो. ऐकणाऱ्याला स्वतःचा भाऊ आठवतो. आणि "अविश्वासी" हा शब्द तर आपसांतसुद्धा वापरणं सोडा. ज्या बाईने चाळीस वर्षं पंढरीची वारी केली तिला अविश्वासी कसं म्हणता? येशूवर तिचा विश्वास नाही, एवढंच खरं.

पण गोष्ट गव्हाणीवर थांबवू नका. इथे मी थोडा कडक आहे. सगळ्यांना आवडावं म्हणून हल्ली आपण नाताळ नुसता गोंडस बाळाचा सण करून टाकलाय. बाळ सगळ्यांनाच आवडतं, त्यात कुणाला काही ठरवावं लागत नाही. देवदूत योसेफाला म्हणाला की त्याचं नाव येशू ठेव, कारण तो आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून वाचवील. म्हणजे वधस्तंभ त्या नावातच आहे. तो मोठा झाला, त्याने असं असं शिकवलं, त्याला खिळलं, तिसऱ्या दिवशी तो उठला, आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवतो. चार वाक्यांत हे यायलाच हवं. लाजत, कुजबुजत नाही. आपण काय मानतो ते लपवणं हा समोरच्याचा आदर नव्हे. पेत्राने दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात सांगितल्यात: विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण ते सौम्यतेने द्या.

ऐकणारा कोण आहे याचाही विचार हवा. मुसलमान शेजाऱ्याला मरीया सांगावी लागत नाही, त्यांच्या कुराणात तिच्या नावाची अख्खी सूरा आहे आणि इसा कुमारिकेपासून जन्मला हे ते मानतात. अडतं ते "देवाचा पुत्र" या शब्दांवर, कारण त्यांना त्यात शरीराचा संबंध ऐकू येतो. तसं आपणही मानत नाही हे आधी सांगा. वधस्तंभाबद्दल त्यांचं मत वेगळं आहे. तो फरक मान्य करून बसा, एका चहात तो सुटणार नाही.

बौद्ध मित्रांचं निराळं. त्यांच्यापुढे "देवाची इच्छा" म्हणून सुरुवात केली तर संवाद तिथेच संपतो. बाबासाहेबांनी त्यांना देव-दैवाच्या ओझ्यातून सोडवलं, हे ते कृतज्ञतेने मानतात. 1938 साली डॉ. आंबेडकर आपल्या सोलापुरातच ख्रिस्ती लोकांपुढे बोलले होते. बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांबद्दल आदराने बोलले, आणि दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात पाळली जाते हेही तोंडावर सुनावलं. बौद्ध मित्र आजही मला तोच प्रश्न करतात: तुमच्यात लग्नं जुळवताना जात विचारत नाहीत का? या प्रश्नाला खोटं उत्तर देऊ नका. विचारतात, आणि ते सुवार्तेच्या विरुद्ध आहे. आधी हे कबूल करा, मग येशू कुणाच्या पंगतीला बसला ते सांगा.

25 डिसेंबरचं हमखास विचारतात. तारीख बायबलमध्ये नाही. रोममध्ये त्या दिवशी जन्मोत्सव साजरा झाल्याची सगळ्यात जुनी नोंद 336 सालची आहे, आणि आर्मेनियन चर्च आजही 6 जानेवारीला साजरा करतं. सांताक्लॉज हा चौथ्या शतकातल्या मायरा गावच्या निकोलस नावाच्या बिशपवरून आलेला. पूर्वेकडून बाळाला भेटायला आलेले मागी, म्हणजे ज्ञानी लोक, तीनच होते असंही मत्तय म्हणत नाही, दानं तीन होती. माहीत असेल तेवढं सांगा आणि गोष्टीकडे वळा. "हा गोऱ्यांचा देव" असं कुणी म्हटलं तर, येशू आशियात, रोमी साम्राज्याने जिंकलेल्या मुलखात जन्मला, आणि मराठीत त्याच्यावरचं ओवीबद्ध पुराण 1616 सालीच छापलं गेलं, एवढं पुरे.

आता वस्तू वाटण्याचं, कारण तुमच्या यादीत चादरवाटप आहे. थंडीत स्टेशनजवळ झोपणाऱ्यांना सोलापुरी चादर द्यायची, फार चांगलं. पण ती डिसेंबरच्या सुरुवातीलाच द्या, थंडी तेव्हाच सुरू होते. सोबत पत्रक नको, प्रार्थना नको, फोटो तर नकोच. रांगेत उभ्या माणसाला चादरीसाठी तुमचं ऐकावंच लागतं, आणि तसं ऐकणं मला सुवार्तेचा अपमान वाटतो. ती फुकट मिळालेली कृपा आहे. तिला चादरीची किंमत लावायची नाही.

बरं करण्याची आश्वासनंही नकोत. आजाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करा, पण त्याला आणि घरच्यांना विचारून, आणि उठताना "गोळ्या चालू ठेवा" असं मोठ्याने म्हणून. एका सभेनंतर रक्तदाबाची गोळी सोडलेल्या बाईंना दवाखान्यात न्यायला मी स्वतः रिक्षा केलीय. महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदाही आहे. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

कायद्याचं थोडक्यात. घटनेच्या 25 व्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिलाय, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. जाणूनबुजून धार्मिक भावना दुखावणं हा भारतीय न्याय संहितेच्या 299 आणि 302 कलमांखाली गुन्हा आहे. धर्मांतराविषयीचे कायदे राज्याराज्यांत वेगळे आहेत आणि बदलत असतात. विजापूर, कलबुर्गीकडे नातेवाइकांत कार्यक्रम करणार असाल तर तिथल्या, आणि इथे करणार असाल तर इथल्या वकिलाला त्या वर्षी विचारून घ्या. लाउडस्पीकरला पोलिस ठाण्याची परवानगी लागते आणि रात्री 10 ते सकाळी 6 तो बंद. सणांसाठी वेळ वाढवून मिळाली असेल तर तो आदेश वाचूनच बोला. परवानगीची प्रत माईकवाल्याच्या नाही, तुमच्या खिशात असू द्या. कॅरलची फेरी ख्रिस्ती घरांपुढेच थांबते, पण शेजारी झोपलेले असतात. दहानंतर ढोलकी नको. आणि आई-वडिलांना माहीत नसताना त्यांच्या लहान मुलाला कार्यक्रमात बसवून घेऊ नका, चॉकलेटसाठीसुद्धा नाही.

एक गोष्ट मला तळमळून सांगायचीय. कार्यक्रमाला आलेल्या शेजाऱ्यांचे फोटो "आत्मे जिंकले" असं लिहून व्हॉट्सॲप स्टेटसला टाकू नका. आमच्या ओळखीच्या एका चर्चच्या मंडळीत असं झालं. फोटोतल्या बाई नुसत्या गाणी ऐकायला आल्या होत्या. फोटो गावाकडे दिरापर्यंत गेला आणि त्यांचं घराबाहेर पडणं महिनाभर बंद झालं. कुणीतरी आपल्यावर विश्वास टाकून अंगणात येतं आणि आपण त्याचा हिशोब मांडतो? पेरणारा एक, कापणारा दुसरा, असं प्रभूने स्वतः सांगितलंय. मोजायचं काम आपल्याला दिलेलंच नाही.

मग समजा, कुणी म्हणालंच की मला या वाटेने यायचंय. आनंद माना, आणि घाई करू नका. मी सज्ञान नसलेल्याला घरच्यांशिवाय बाप्तिस्मा देत नाही, आणि सज्ञान माणसालाही साधारण वर्षभर थांबायला सांगतो. त्या वर्षात तो बायबल वाचेल, आपल्या मंडळीतली भांडणंही पाहील. अनुसूचित जातीतला असेल तर 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार तो दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांपुरता आहे, ख्रिस्ती झाल्यावर सवलती राहत नाहीत, हे त्याला पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगा. नोकरी, शिष्यवृत्ती, निवडणूक, सगळ्यावर याचा परिणाम होतो. काही पाळक हे सांगत नाहीत. ज्याला किंमत माहीत नाही त्याने काय निवडलं म्हणायचं? घरच्यांशी नातं तोडायला कधीही सांगू नका. आईच्या हातचं जेवण सोडायला येशूने कुणाला सांगितलेलं नाही.

शेवटी जानेवारी. नाताळ झाला की आपण गायब होतो, ही आपली जुनी सवय. संक्रांतीला तिळगूळ घ्यायला त्या दोन्ही घरी जा. गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वरांच्या नंदीध्वजांच्या गर्दीत पत्रकं वाटायचा विचार कुणी मांडला तर त्याला तिथेच थांबवा. तो त्यांचा सण आहे. शेजाऱ्यांबरोबर पाळण्यात बसा, चुरमुरे खा, घरी या. 24 तारखेला अंगणात बसलेल्या काकूंच्या सासूबाई आजारी होत्या ना? त्यांची चौकशी करा. गोष्टीबद्दल त्यांनी विचारलं तर बोला, नाही विचारलं तर सासूबाईंबद्दलच बोला.

आणि त्या काकांकडे या आठवड्यात दोघं जण जा, रिकाम्या हाताने. "गेल्या वर्षी न विचारता आलो होतो, चुकलं आमचं," एवढंच म्हणा आणि परत या. नाताळचं आमंत्रण त्याच वेळी देऊ नका. ते डब्याबरोबर, नंतर. माईकच्या परवानगीचा अर्ज डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात द्या, आणि 24 च्या गोष्टीचा मजकूर लिहून झाला की मला पाठवा. शब्द आपण दोघं मिळून तपासू.